साडेबारा हजार एकर पोटखराब

भाऊबीज झाली की माझा हंगाम सुरू होतो. मी अर्जनवीस आहे. अकोल्याहून बसनं तासाभराच्या अंतरावर आमचं तालुक्याचं गाव आहे, आणि तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर माझी टिनाची टपरी आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लोकांना बसायला एक बाकडं. एरवी खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं असं सगळंच लिहितो, पण दिवाळीच्या पंधरवड्यात येतात ती फक्त हक्कसोडपत्रं. बहिणी माहेरी आलेल्या असतात. भावानं ओवाळणीत घातलेली साडी नवी कोरी असते आणि तीच नेसलेल्या बहिणीला भाऊ माझ्याकडे घेऊन येतो. बापजाद्यांच्या वावरातला आपला हिस्सा तिनं राजीखुशीनं भावाला सोडला, असं मी लिहितो. ती सही करते. भाऊ सगळ्यांना कचोरी चारतो.

बहीण कागद कधीच वाचत नाही. वाचला तर भावावर विश्वास नाही असं होतं, आणि मग पुढच्या दिवाळीला 'कधी येते' असा फोन येत नाही. एकतीस वर्षं मी हे लिहितोय. मला कोणी विचारलं नाही म्हणून मीही कोणाला काही सांगितलं नाही. पण चिडचिड होतेच, आणि ती मी प्रिंटरवर काढतो. आजवर चार प्रिंटर बदलले.

यंदा भाऊबिजेच्या तिसऱ्या दिवशी निंभोरीचे नत्थुजी म्हैसने आले. वय बहात्तर, नऊ एकर काळं वावर, आणि मोजणीच्या बाबतीत आख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध. तिघा भावांची वाटणी झाली तेव्हा स्वतःकडे वीतभर जमीन जास्त आली म्हणून यांनी धुरा, म्हणजे वावराचा बांध, पुन्हा खोदून मागे सरकवला होता. भाऊ नको नको म्हणत होते, पण नत्थुजींना त्या वितीपायी झोप लागेना. असा माणूस. सोबत मुलगा गोपाल, मुलगी आरती, आणि नत्थुजींची मोठी बहीण मनकर्णाबाई. मनकर्णाबाई ओळखदार म्हणून आली होती. दस्त करणाऱ्या माणसाला ओळखणारी दोन माणसं लागतात, एक ती आणि दुसरा मी.

"ओमप्रकाश, दोन हक्कसोड लिह्याचे हायेत," नत्थुजी बाकड्यावर बसत म्हणाले.

"दोन गट आहेत?"

"गट एकच. नऊ एकर. अन् एक दगड."

मला वाटलं वावरातला एखादा देवाचा दगड असेल, पूजेवरून तंटा असेल. मी म्हटलं, दगड वावरातच आहे ना, मग तो वावरासोबतच गेला, वेगळा कागद कशाला.

"वावरात नाही," गोपालनं बोट वर केलं. "वरतं हाय."

मी टिनाकडे पाहिलं.

मग आरतीनं मला नीट समजावून सांगितलं. ती अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये लाखो दगड सूर्याभोवती फिरतात, त्यांचा एक पट्टाच आहे. दुर्बिणीनं काढलेले फोटो घरच्या कॉम्प्युटरवर तपासून त्यातले दगड ओळखायचं काम ही बाई गेली आठ वर्षं करत होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी. त्या कामाचा मान म्हणून जगभरच्या खगोलवाल्यांनी एका दगडाला तिचं नाव दिलं. तिचे लेख लग्नाआधीच्या नावानं छापून येत, त्यामुळे दगडाचं नाव पडलं म्हैसने. चार किलोमीटर रुंद, निव्वळ खडक. हवा नाही, पाणी नाही. सूर्याला एक चक्कर मारायला त्याला चार वर्षं लागतात.

पेपरात बातमी आली. निंभोरीत बॅनर लागला, त्यावर आरतीपेक्षा सरपंचाचा फोटो मोठा. इथवर सगळं ठीक होतं. पण बॅनरखाली उभं राहून गोपालनं मोबाइलवर हिशेब केला की चार किलोमीटरच्या गोट्याला सगळ्या बाजूंनी मिळून जागा किती, आणि उत्तर आलं जवळपास साडेबारा हजार एकर. त्या दिवसापासून त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना.

"बाबा, मी तुमाले दहा खेपा सांगतलं," आरती म्हणाली. "त्या दगडावर कोनाचीच मालकी नसते. तसा साऱ्या देशांचा करार हाय. नुसतं नाव देलं माह्यं."

"सातबाऱ्यावर काय राह्यते मंग?" नत्थुजी म्हणाले. "नुसतं नावच राह्यते. नाव म्हंजेच मालकी."

मी कॉम्प्युटर चालू केला.

"अन् आडनाव म्हैसने हाय," गोपाल म्हणाला. "ताई आता गुल्हाने झाली. उद्या तिच्या सासरचे म्हनतीन आमचं हाय, तं आपुन काय कराचं? म्हैसन्याइचं ते म्हैसन्याइच्याच घरात राह्यलं पायजे. म्हनून म्हटलं वावराचा हक्कसोड होऊनच राह्यला, तं हाबी एकाच फेऱ्यात करून टाकू."

गुल्हान्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. आरतीचा नवरा शेखर फोनवर म्हणाला होता, देऊन टाक, आपल्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. पण हे सांगून उपयोग नव्हता. ज्याच्या घरी वाटणीची हवा शिरली, त्याला गंमत कळत नाही, हे मी एकतीस वर्षं बघतोय.

बापलेक चहा सांगायला गेले तेव्हा मी आरतीला सरळच विचारलं, "बाई, तू शिकलेली आहेस. दगडाचं सोड, तो पोरखेळ आहे. पण वावरातला हिस्सा खरा आहे, तीन एकर आहे. तो का सोडतेस?"

ती हसली. "काका, आमच्या शेजारच्या जाईबाईनं सही केली नव्हती. तुमाले माहीत असन. नऊ वर्षं झाली, तिला माहेर नाही. तिची आई गेली तेव्हा तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. ती रस्त्यावर उभी राहून रडत होती आणि मी आमच्या ओट्यावरून पाहत होते. माझी आई त्या घरात आहे, काका. वावर नसलं तरी मी जगेन. ते घर बंद झालं तर मी काय करू?"

मनकर्णाबाई शेजारी बसून सुपारी कातरत होती. आरतीचं म्हणणं खरं होतं. मी प्रिंटरला एक चापट मारली आणि कामाला लागलो.

वावराचा कागद दहा मिनिटांत झाला. तो मला पाठ आहे, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचा. दगडानं मात्र नाकी नऊ आणले. मिळकतीचं वर्णन लिहावं लागतं. जिल्हा, तालुका, मौजा. जमीन जिरायत, बागायत की पोटखराब.

"पोटखराब," नत्थुजी लगेच म्हणाले. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिला महसूलवाले पोटखराब म्हणतात. "साडेबारा हजार एकर, सारं पोटखराब."

"पाण्याची सोय?"

"नाही," आरती म्हणाली.

"झाडं? विहीर? बांधकाम?"

"नाही."

"जायला रस्ता?"

यावर थोडी चर्चा झाली. गोपालचं म्हणणं पडलं की रस्त्याचा हक्क कागदात असलाच पाहिजे, नाहीतर पुढे मंगळवाले अडवतात. मी लिहिलं, वहिवाटीचा रस्ता असल्यास लिहून घेणाऱ्यास वापरता येईल.

मग आली चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही. मी विचार करून लिहिलं, पूर्वेस गुरू, पश्चिमेस मंगळ, उत्तरेस व दक्षिणेस मोकळी जागा. मला ते बरं जमल्यासारखं वाटलं. आरतीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, असं नाही लिहिता येत. तो फिरतो. आज मंगळ इकडे आहे, सहा महिन्यांनी तिकडे असेल. अन् तिथे पूर्व-पश्चिम आपल्यासारखी नसते."

"मग काय लिहू?"

"आतल्या बाजूनं मंगळाची कक्षा, बाहेरच्या बाजूनं गुरूची कक्षा."

"कक्षा म्हंजे धुरा?" नत्थुजींनी विचारलं.

"धुराच समजा."

"मंग धुऱ्यापासून किती आत हाय आपला दगड? कोनाकडे सरकला तं नाही?"

आता या माणसाला काय सांगणार. पण आरतीनं सांगितलं. टपरीत बाकड्यावर बसून, माझ्याच जुन्या वहीच्या पाठीमागे चित्र काढून, तिनं बापाला सूर्य दाखवला, पृथ्वी दाखवली, मंगळाचा धुरा, गुरूचा धुरा आणि मधे आपला दगड. गुरू फार मोठा आहे, तो बाकीच्यांना ओढतो, म्हणून पट्ट्यात काही जागा रिकाम्या पडल्या आहेत. नत्थुजी मान हलवत ऐकत होते. "मोठा शेजारी असला का असंच होते," ते म्हणाले. तिच्या शिक्षणाला एवढी वर्षं झाली, पण ती काय शिकवते हे त्यांनी तिला पहिल्यांदा विचारलं असावं. ती सांगताना इतकी रंगली होती की मला ते थांबवावंसं वाटेना. रांगेतले दुसरे लोकही टपरीशी येऊन उभे राहिले.

दुपार झाली तरी दगडाचा कागद होईना. आरती एकेक शब्द वाचायची आणि चुकीचा असला की खोडायला लावायची. 'सदर मिळकत स्थावर असून' असं मी सवयीनं लिहिलं होतं, तेही तिनं खोडायला लावलं. शेवटी मी माझ्या बचावासाठी एक वाक्य घातलं: सदर दगडावर लिहून देणारीचा जो काही हक्क असेल तो तिनं कायमचा सोडला आहे. जो काही असेल तो. एवढं लिहिलं की अर्जनवीस कशातच अडकत नाही.

कागद छापून झाला. आरतीनं तो पुन्हा वाचला, बरोबर आहे म्हणाली, आणि त्या वाचायच्या भरातच खालचा दुसरा कागदही उचलला. वावराचा. कोणी अडवायच्या आधीच ती वाचू लागली. तोही तिनं दगडाच्या कागदासारखाच वाचला, बोट ठेवून, ओळीओळीनं. पूर्वेस नाला. पश्चिमेस पांदण. सामाईक विहीर एक. आंब्याची झाडं दोन, निंबाचं एक. ती मधेच थांबली.

"इथे चूक हाय," ती म्हणाली. "आंबे तीन हायेत."

"तिसरा म्या तुह्या जल्माच्या साली लावला व्हता," नत्थुजी म्हणाले. "तलाठ्यानं चढवलाच नाही."

"मंग चढवा, काका," आरती मला म्हणाली.

मी आंबा चढवला, पान पुन्हा छापलं. गोपाल घड्याळ बघत होता.

कार्यालयात आमचा नंबर तीन वाजता लागला. खुर्चीत नोंदणीच्या मॅडम होत्या. नव्या होत्या, नियमाच्या पक्क्या, आणि म्हणूनच मला वाटलं दगडाचा कागद त्या भिरकावून देतील आणि आम्ही हसत घरी जाऊ. त्यांनी तो वाचला. मग परत वाचला. मग कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं आणि वीस मिनिटं चाळलं. बाहेर रांगेत लोक कुरकुर करू लागले.

"मिळकत पृथ्वीवरच असली पाहिजे असं यात कुठंच लिहिलेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा चेहरा दुःखी होता. "मला नाकारायला कलमच नाही. गाव कोणतं टाकू?"

"निंभोरी," नत्थुजी म्हणाले.

कॉम्प्युटरनं निंभोरी घेतलं. क्षेत्रफळ टाकल्यावर त्यानं विचारलं की गावापेक्षा मोठी मिळकत आहे, खात्री आहे का? मॅडमनी हो दाबलं. गट नंबरच्या जागी आरतीनं दगडाचा खगोलवाल्यांचा नंबर दिला, तोही बसला. सरकारी यंत्राला आकडा मिळाला की त्याचं समाधान होतं.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला, जो कायद्यानं विचारावाच लागतो. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की मला तो ऐकूच येत नाही. "हा दस्त तुम्ही वाचलाय का? राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देताय का?"

"वाचलाय," आरती म्हणाली. "राजीखुशीनं देतेय."

सही झाली, अंगठा झाला, फोटो निघाला. मनकर्णाबाईनं ओळख दिली, मी दिली. दस्ताला नंबर पडला. गोपाल साडेबारा हजार एकरांचा धनी झाला. त्यानं तिथेच पेढ्याचा डबा उघडला, रांगेतल्या लोकांनी अभिनंदन केलं, एकानं विचारलं की ठोक्यानं कसायला देणार असशील तर सांग. गोपाल म्हणाला, पाहू.

"आता दुसरा," मॅडम म्हणाल्या. वावराचा कागद त्यांच्यासमोर आला. "हा दस्त वाचलाय का?"

"वाचलाय."

"राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देताय का?"

मॅडमची नजर कॉम्प्युटरवर होती, बोट 'हो'वर ठेवलेलंच होतं. मी आरतीच्या हाताकडे पाहिलं. तिनं टेबलाची कड धरली होती.

"नाही," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत हा शब्द मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी बोट उचललं. नाही म्हटल्यावर काय करायचं हे बहुतेक त्यांनाही पाहावं लागणार होतं.

"ताई!" गोपालच्या हातातला डबा कलंडला. "काय करून राह्यली तू?"

"वाटनी," आरती म्हणाली. "तूच म्हनला ना, गोपाल, नाव म्हैसने हाय, म्हैसन्याइच्या घरात राह्यलं पायजे? घे, देला. साडेबारा हजार एकर देला तुले, सही करून, अंगठा देऊन, एकही एकर नाही ठेवला. आता माह्या हिश्श्याची तीन एकर मले राहू दे."

"गोटा हाय तो!" गोपाल ओरडला. "नुसता गोटा! तथी जाता येत नाही का काही पेरता येत नाही!"

"सकाळपासून मी हेच सांगून राह्यली होती."

रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. पण बाकीचे हसले नाहीत, आणि हेच मला विशेष वाटलं. ते सगळे शेतीवाले होते, बहिणींना घेऊन आलेले होते, आणि ते मनातल्या मनात हिशेब करत होते. साडेबारा हजार एकीकडे, तीन एकीकडे. पोटखराब वजा केलं तरी. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "पोरीनं तं जास्तच देलं, बाप्पा."

"मॅडम, तो पह्यला दस्त वापस नाही होत का?" गोपालनं विचारलं.

"नोंद झाली. नंबर पडला," मॅडम म्हणाल्या. "आता रद्द करायचा तर दोघांची संमती लागेल. आणि तो तुमच्या फायद्याचा आहे, असं तुम्हीच वर लिहून दिलंय."

गोपालनं बापाकडे पाहिलं. आरतीनंही पाहिलं. जे व्हायला नको म्हणून ती एवढे दिवस गप्प होती ते आता नत्थुजींच्या एका शब्दावर होतं. त्यांनी नुसती पाठ फिरवली असती तरी तिचं माहेर संपलं असतं. मला तर पुढे होऊन काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण अर्जनवीसाला आत बोलायची परवानगी नसते.

नत्थुजी उभ्याउभ्याच डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नंतर कळलं, आकडे मांडत होते.

"गोपाल," ते म्हणाले, "वाटनी बराबर नाही झाली."

"तेच तं म्हनून राह्यलो, बाबा."

"तुह्याकडे लय जास्त गेलं," नत्थुजी म्हणाले. "सकाळी आपुन दोघं अथी कावून आलो? जमीन हाय म्हनून आलो ना? अन् तिनं नाही म्हटलं तं लगेच गोटा झाला? असं नाही चालत. मोजनी सकाळची असो का दुपारची, दोरी एकच पायजे." ते मॅडमकडे वळले. "तो दुसरा कागद फाडून टाका, बाई."

गोपाल पेढ्याचा डबा तिथेच ठेवून बाहेर निघून गेला. फटफटी चालू केल्याचा आवाज आला. तो चिडला होता आणि बरेच दिवस चिडलेला राहणार होता, त्यात काही नवल नव्हतं. साडेबारा हजार एकरवाल्यांचा स्वभाव तसाही थोडा कडकच असतो.

आम्ही उरलेले टपरीवर आलो. आरती बाकड्यावर न बसता बाहेर उन्हात उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. अमरावतीची बस पाचला होती. तिला निंभोरीला परत यायला सांगतील की नाही, तिचे कपडे तिथेच होते, आई तिथेच होती, हे विचारायचीही तिची हिंमत होत नव्हती.

नत्थुजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आता पुढच्या दिवाळीले ये म्हनून मी तुले फोन करनार नाही," ते म्हणाले.

आरतीनं मान खाली घातली.

"हिस्सेदाराले कोनी आवतन देते का? पावनी व्हती तवा देत व्हतो." त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पुढच्या मह्यन्यात तूर सवंगाची हाय. कापनीले मजूर भेटत नाही. तुह्या हिश्श्यावर तू उभी राह्यली पायजे, वेळेवर. नाही आली तं मी अमरावतीले येऊन भांडन करीन. अन् आज मुक्काम कर. तुह्या मायनं पुरनाचा सैपाक केला."

आरती रस्त्यावरच रडली. मला ते बघवेना. मी आत जाऊन कॉम्प्युटर उगाच बंद करून पुन्हा चालू केला.

मनकर्णाबाई टपरीतच बसून होती. दिवसभरात तिनं ओळख देण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं अडकित्ता पिशवीत टाकला, पदर डोक्यावर सारखा केला आणि मला जवळ बोलावलं.

"ओमप्रकाश, वरतं अशे गोटे अजून हायेत का?"

"लाखो आहेत, आत्याबाई. आरतीच सांगत होती ना."

"रिकामे? बिननावाचे?"

"पुष्कळ असतील."

"मंग एक माह्या नावानं लाव बापा," ती म्हणाली. "लहानसाक असला तरी चालन. चवेचाळीस वर्सं झाले, म्या नत्थूले अशीच भाऊबिजेच्या तिसऱ्या दिवशी सही देली व्हती. त्यानं मले दोरी दाखवली नाही अन् म्या इचारली नाही. आता त्याले गोटा देतो, अन् माह्यं वावर वापस मांगतो."

नत्थुजी दारात उभे होते. लेकीची पिशवी त्यांच्या हातात तशीच होती. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं ते हसण्यावारी नेतील, किंवा म्हातारीला गप्प बस म्हणतील. वितीसाठी धुरा सरकवणारा हा माणूस चवेचाळीस वर्षं शांत झोपला होता, आणि ते त्याला या क्षणी कळलं होतं. ते आत आले आणि बहिणीशेजारी बाकड्यावर बसले.

मी प्रिंटरला कोरा कागद लावला. "लिहून देणारीचं पूर्ण नाव सांगा, आत्याबाई."

ती सासरचं नाव सांगायला लागली. नत्थुजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि घसा साफ केला.

"लिह्य, ओमप्रकाश," ते म्हणाले. "मनकर्णा तुळशीराम म्हैसने."